न आलेल्या डबीची बक्षिसी

बेगायिमला भविष्य कळतं, असं बिश्केक शहरातल्या निदान अकरा हजार लोकांचं मत होतं. लग्नाचं नाही, हवेचं नाही. टेबलावर ठेवायच्या संगणकांचं. पुढच्या डबीत, म्हणजे छोट्या संगणकात, मेमरी किती असेल, तारा जोडायची मागची भोकं पुढे आणतील का, पंखा कमी घोंघावेल का, आणि मुख्य म्हणजे किंमत काय लागेल, हे ती आपल्या चॅनेलवर आधीच सांगून टाकायची. संगणक बाजाराच्या दुसऱ्या मजल्यावर तिचा गाळा होता. दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्याने जिन्यात उभं राहायचं, एवढाच. तिथेच ती दिवसा संगणक जोडायची, दुरुस्त करायची, आणि संध्याकाळी फोन पुढ्यात ठेवून अंदाज सांगायची.

यात जादूबिदू काही नव्हती. नवं यंत्र आपल्या जकात-संघाच्या देशांत यायचं तर त्याचा क्रमांक आधी सरकारी यादीत चढतो. ती यादी वाचायचा कंटाळा सगळ्या जगाला, बेगायिमला नव्हता. त्यात कारखान्यांच्या बातम्या, डॉलरचा भाव आणि थोडं स्वतःचं नाक मिसळलं की अंदाज तयार. चारांतले तीन बरोबर यायचे. चौथ्याबद्दल लोक बोलत नसत, आणि तीही काही आठवण करून देत नसे.

एप्रिलमध्ये तिला तेरेक-बुलाकहून फोन आला. तेरेक-बुलाक हे नारीनच्या पलीकडे डोंगरातलं तिचं गाव, आणि फोन करणारे सागिनाली आगाय, म्हणजे तिचे गणिताचे गुरुजी. आमच्याकडे गुरुजींना आगाय म्हणतात आणि माणूस कितीही मोठा झाला तरी आगायचा फोन उभं राहूनच घेतो. बेगायिमही उभी राहिली, तर डोकं वरच्या फळीला आपटलं.

"पोरी, पैसे जमलेत," आगाय म्हणाले. "गावाने दिले, मॉस्कोत राबणाऱ्या पोरांनी पाठवले. शाळेसाठी बारा संगणक येतील एवढे आहेत. तू सांगतेस ती छोटी डबी घ्यायची म्हणतोय. आत्ता घेऊ, का थांबू?"

"थांबा आगाय, अजिबात घेऊ नका! ऑक्टोबरात नवी डबी येतेय. मेमरी दुप्पट, आकार तळहाताएवढा, आणि किंमत तीच. म्हणजे जुनी पाचव्या हिश्शाने उतरणार. बाराच्या पैशांत तुम्हाला पंधरा मिळतील, पंधरा!" आणि त्या भरात ती ओरडली, "सुयुन्चू, आगाय! सुयुन्चू!"

आनंदाची बातमी सगळ्यांत आधी आणणाऱ्याने ही हाक द्यायची, आणि ऐकणाऱ्याने हाताशी असेल ते बक्षीस द्यायचं. त्या बक्षिसीलाही सुयुन्चूच म्हणतात. नातू झाला, सून ठरली, हरवलेला घोडा सापडला, की पहिला धावत येणारा काहीतरी घेऊनच जातो. बेगायिमने ते गमतीत म्हटलं होतं. पण आगाय गणिताचे मास्तर. ते गंमतसुद्धा शेवटच्या पायरीपर्यंत सोडवणारे.

आठवड्याभराने नारीनच्या टॅक्सीवाल्याने गाळ्यात एक जाडजूड गुंडाळी आणून टाकली. उलगडली तर शिरदाक निघाला. लोकरीचा जाड नमदा, लाल आणि तपकिरी, मेंढ्याच्या शिंगांची नक्षी, काठाला हाताची बारीक टीप. आगायच्या बायकोने, झारिलकान आपाने, तो दोन हिवाळे बसून शिवला होता. आईला आणि आईच्या वयाच्या बायकांना आमच्याकडे आपा म्हणतात. बेगायिम तो घेऊन घरी गेली ती हवेतच.

"हे कशाचं?" तिच्या आईने, उउलकानने, विचारलं.

"सुयुन्चू दिलाय आगायने. नवी डबी येणार आहे ना, त्याचा."

"येणार आहे?" आईने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "म्हणजे आलेली नाही?"

"ऑक्टोबरात येईल. नक्की आहे आपा."

"अगं, सुयुन्चू पोर जन्मल्यावर मागतात. पोटात असताना मागणारी तूच पहिली! आपल्याकडे सहा महिन्यांत सरकारं पळून जातात, आणि तू डबीच्या भावाची हमी देऊन त्या म्हातारीची दोन वर्षांची मेहनत उचलून आणलीस?"

"मी मागितला नाही गं, हसून म्हटलं."

"मग हसून परत करायचास." आईने पुन्हा लाटणं उचललं आणि पुढचा अर्धा तास सगळा राग नूडल्सच्या पिठावर काढला.

बेगायिमने शिरदाक आपल्या खुर्चीखाली अंथरला. उन्हाळाभर त्यावर पाय ठेवून ती अंदाज सांगत राहिली. ऑगस्टमध्ये मेमरी चिपचे भाव जगभर चढायला लागले. आकडे रोज तिच्या डोळ्यांपुढून जात होते. तिने ते वाचले आणि बाजूला सारले. अकरा हजार लोकांसमोर एकदा 'किंमत तीच' म्हटल्यावर जीभ मागे घेणं सोपं नसतं, आणि खरं सांगायचं तर ती स्वतःच्याच भविष्याच्या प्रेमात पडली होती.

सप्टेंबरमध्ये आगायचा पुन्हा फोन आला. आवाजात नुसता उत्साह. "पोरी, जिल्ह्याचं पत्र आलंय. नवीन वर्षाच्या आत आपल्या शाळेत एका वेळी दहा मुलं स्वतंत्र बसून संगणकावर काम करताना दिसली, तर संगणकाच्या शिक्षकाची कायमची जागा आपल्याला. नाही दिसली, तर जागा खालच्या गावाला. मी तर डिसेंबरात निवृत्त होतोय. जागा मिळाली तर निवांत मनाने जाईन. पण आपल्याला काय काळजी, आपले तर पंधरा येणार!"

"हो आगाय," बेगायिम म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर समोर उघडी असलेली भावांची यादी बंद केली.

ऑक्टोबरात डबी आली. मेमरी दुप्पट, आकार तळहाताएवढा, भोकं पुढे. सगळं बरोबर. लोकांनी चॅनेलवर शाबासकीचा पाऊस पाडला. फक्त पडदा-कीबोर्डसकट साठ हजार सोमचा संच पंचाण्णव हजारांना झाला होता. जुनी डबी उतरायचं तर दूरच. दुकानदारांनी होती नव्हती ती आत दडवली आणि तिच्यावरही भाव चढवला. बेगायिमने हिशेब एकदाच केला. बाराच्या पैशांत सात. पाहिजेत दहा.

तिने शिरदाक गुंडाळला, विक्रीला आलेल्या नव्या डब्यांतली एक पिशवीत टाकली आणि सकाळच्या सामायिक टॅक्सीत बसली. डबी का घेतली, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. निदान निम्मा अंदाज तरी खरा होता, एवढा पुरावा हवा असेल. दोलोनच्या घाटात बर्फ पडलं होतं. शेजारची बाई सगळ्या गाडीला तळलेले बोरसोक वाटत होती. बेगायिमने आपला वाटा न खाताच पिशवीत टाकला.

आगायच्या घरी चूल पेटलेली होती. झारिलकान आपाने दारातच तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "जीव ओवाळून टाकते गं माझी बाय! पण चेहरा का असा? कुणी मेलं का?"

"नाही आपा."

"मग आधी चहा घे. मेलं नसेल तर सगळं चहानंतर."

ब्रेड, साय, जर्दाळूचा मुरंबा पुढ्यात आला. बेगायिमने पहिला घोट घेतला आणि सगळं सांगून टाकलं. चिपचे भाव, दडवलेल्या डब्या, आणि ऑगस्टमध्ये दिसत असूनही न पाहिलेले आकडे, तेही. हे शेवटचं सांगायची गरज नव्हती. पण या घरात अर्धं सांगायची तिला सवय नव्हती.

आगायने खिशातली पेन्सिल काढून वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार केला. "सात," ते म्हणाले. "साडेसात धरले तरी सातच."

बेगायिमने गुंडाळी पुढे सरकवली. "हा मी घेऊ शकत नाही. ज्या बातमीचा घेतला ती बातमीच खोटी निघाली."

झारिलकान आपाचा चेहरा क्षणात बदलला. "उचल तो!" ती म्हणाली. "उचल म्हणते ना! दिलेला सुयुन्चू उंबऱ्याच्या आत परत आला, तर बातमी कायमची गेली. माझ्या घरात असला अपशकुन? चार पिढ्यांत कुणी केलं नाही हे."

"पण आपा, मग मी काय करू?"

"मला काय विचारतेस? बातमी तू आणलीस. परत घेता येत नाही, तर खरी करून दाखव."

आगाय मात्र हसत होते. हसता हसता त्यांनी चष्मा पुसला. "तुमच्या वर्गाला मी दर सप्टेंबरला काय सांगायचो, आठवतं?"

आठवणार नाही कसं? पुढच्या वर्षी शाळेत संगणक येणार. पाचवीत सांगितलं, सहावीत सांगितलं, अकरावीतही सांगितलं. वीज दिवसातून चार तास यायची आणि आगाय सांगायचे की संगणक येणार, त्याच्या पडद्याला रंग असतील, त्यातून पत्रं धाडता येतील, त्याची किंमत एका गाईएवढी उतरेल. आणि तोवर हात रिकामे नकोत म्हणून त्यांनी खोक्यांच्या फळ्या तासून त्यांवर कीबोर्डची बटणं रंगवली होती. एकेका फळीवर तीन मुलं. एकाने टंकायचं, दुसऱ्याने वाचून दाखवायचं, तिसऱ्याने चुका धरायच्या. संगणक शेवटपर्यंत आला नाही. बेगायिमने पहिला संगणक पाहिला तो सतराव्या वर्षी, शहराच्या कॉलेजात. सगळा वर्ग एका बोटाने अक्षरं शोधत होता आणि तिची दहा बोटं आपोआप चालत होती. त्या दिवशी मास्तरीणबाईंनी विचारलं होतं, घरी कुठला संगणक आहे? ती म्हणाली होती, लाकडी. पुढचं सगळं, नोकरी, गाळा, चॅनेल, त्या लाकडी संगणकातून निघालं होतं. आणि हे तिने आगायना कधी सांगितलं नव्हतं. आत्ता सांगितलं. सांगताना आवाज फुटला, तसाच फुटू दिला.

"माझ्याकडे जे आहे ते तुम्ही दिलंय आगाय. आणि मी तुमचेच संगणक घालवले."

आगायने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "ऐक. तू खोटं बोललीस असं मी म्हणणार नाही. मीही सात वर्षं चुकलो. अंदाज चुकतो. पण एक सांगू? मी नुसतं 'येणार' म्हणून थांबलो नाही, फळ्या रंगवल्या. तू आम्हाला थांबा म्हणालीस आणि स्वतःही थांबलीस. चुकली असशील तर तेवढंच."

तो फटका बेगायिमला बरोबर लागला. लागला आणि बरंही वाटलं. इतक्या वर्षांत कुणी तिची वही अशी तपासली नव्हती. ती चहाच्या वाडग्याकडे बघत राहिली. फळीवर तिघं. तिघं एका फळीवर.

"आगाय, जिल्ह्याच्या पत्रात काय लिहिलंय? दहा संगणक, का दहा मुलं?"

"मुलं. एका वेळी, स्वतंत्र काम करणारी."

तिने पिशवीतून डबी काढून मेजावर ठेवली आणि उलटी केली. पुढे आणलेली सोडून मागेही पडद्यांसाठी तीन भोकं होती. हिची तिनेच चॅनेलवर टिंगल केली होती की एवढी ताकद घेऊन घरातला माणूस काय डोंगर हलवणार आहे? एका माणसाला ती ताकद जास्त होती, हे खरं. तिघांना पुरली असती. एका डबीला तीन पडदे, तीन कीबोर्ड, तीन माऊस, आणि आत तीन वेगळी खाती. मोफत मिळणाऱ्या प्रणालीवर असं करतात, हे तिला माहीत होतं. कधी केलं नव्हतं, कारण तिची नजर कायम पुढच्या वर्षीच्या डबीवर.

शाळेतून दोन जुने मॉनिटर आणले, तिसरा घरातला टीव्ही. कीबोर्ड-माऊस शेजाऱ्यांकडून गोळा केले. आगाय एका पडद्यापुढे, झारिलकान आपा दुसऱ्या, बेगायिम तिसऱ्या.

"माझ्या पडद्यावर कोण फिरतंय?" आपा ओरडली.

"मी," आगाय म्हणाले. "मला वाटलं हा माझा बाण."

"चाळीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात फिरलात, आता इथेही या!"

पहिला दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी टीव्हीने मान टाकली, म्हणून शेजाऱ्यांचा आणला. तिसऱ्या दिवशी दुपारी तीन माणसं तीन पडद्यांवर तीन वेगळी कामं करत होती आणि डबी शांत होती. आपाने बाजाराची यादी टंकली. त्यात 'मीठ' पाच वेळा आलं, पण दुसऱ्या कुणाच्या पडद्यावर ते सांडलं नाही. बेगायिमने आगायची पेन्सिल मागून घेतली. सात साधे संच घेण्याऐवजी चार दणकट डब्या आणि बारा पडदे. पैसे काठोकाठ पुरत होते.

"तू एका अंदाजात पंधरा म्हणाली होतीस," आगाय म्हणाले.

"बारा, आगाय. आणि हा अंदाज नाही."

शहरात परतल्यावर तिने चॅनेलवर सगळं उघड सांगितलं. किंमत चुकले, दिसत असून चुकले, आणि माझ्या शब्दावर माझ्या गुरुजींची शाळा थांबून राहिली. काही लोक निघून गेले. एकाने लिहिलं, भविष्यवाली बाई आता तरी कामाला लाग. ती लागलीच होती.

डिसेंबरात जिल्ह्याच्या तपासनीस बाई, शाआरकान एजे, आल्या. फरची टोपी, हातात फाइल, आणि खोट्या आकड्यांचा वास येणारं नाक. खोलीत गावकऱ्यांनी नवी तार ओढली होती, अर्थिंगसाठी जमिनीत तांब्याची सळई पुरली होती, भिंती चुन्याने पांढऱ्या केल्या होत्या. बाईंनी दारातूनच मोजलं.

"चार? मला बारा सांगितले होते."

आगाय पुढे झाले. "यंत्रं चारच आहेत," ते म्हणाले. "मुलं बारा बसवून बघा."

"बघतेच." त्यांनी बारा मुलांना बसवलं आणि प्रत्येकाला वेगळं काम सांगितलं. कुणी निबंध, कुणी गणित, कुणी जिल्ह्याचा नकाशा, आणि एका मुलीला तर पिक्चर लावायला सांगितलं, मुद्दाम. दहा मिनिटं खोलीत फक्त बटणांचा आवाज होता. खिडकीजवळचे तीन पडदे एकदम काळे झाले. बेगायिम पुढे जाणार तेवढ्यात तिथल्या मुलीने वाकून पडद्यांच्या विजेची सैल झालेली तार दाबली, आणि तिन्ही पडदे उजळले. निबंध जिथल्या तिथे होता.

शाआरकान एजे ओळीतून चालत गेल्या, प्रत्येक पडद्यावर वाकल्या. मग उभ्या उभ्याच फाइलमध्ये लिहिलं. बेगायिमने चोरून पाहिलं. बारा.

"जागा मंजूर होईल," त्या म्हणाल्या. "पण शिक्षक सप्टेंबरशिवाय मिळणार नाही. तोवर कोण शिकवणार? कुलूप लावलेली खोली मला पुन्हा दाखवू नका."

आगाय निवृत्त होत होते. बाकीच्या शिक्षकांपैकी कुणालाच हे शिकवता येत नव्हतं.

"मी शिकवते," बेगायिम म्हणाली. "गाळ्यातून, पडद्यावरून. मंगळवारी आणि शुक्रवारी."

"फुकट?"

"मला आधीच मिळालंय, एजे," ती म्हणाली, आणि झारिलकान आपाने खोलीच्या मागून एवढ्या जोरात मान हलवली की मुलंही हसली.

नवीन वर्ष उजाडलं. पहिल्या तासाला बेगायिमने गाळ्याचं शटर अर्धं ओढलं, केस नीट केले, आणि गावाहून परत आणलेल्या शिरदाकावर पाय टेकवले. पडदा उजळला. तेरेक-बुलाकची नववी समोर बसली होती. पोरं उत्सुक, गाल थंडीने लाल. तिने डोकी मोजली. नववीत मुलं अकरा. तिला पटावरून माहीत होतं. जागा मात्र बाराही भरल्या होत्या.

शेवटच्या रांगेत, भिंतीला लागून, सागिनाली आगाय बसले होते. अंगात निवृत्तीच्या दिवशी घातलेला कोट, पुढ्यात कोरी वही. कोपर मेजावर टेकवून त्यांनी हात सरळ वर केला होता, शाळेत मुलांनी करावा तसा, आणि बोलावण्याची वाट बघत होते.

"आगाय... बोला ना," बेगायिम म्हणाली.

"आधी परवानगी, एजे," आगाय म्हणाले. बायकांना, मास्तरीणबाईंना म्हणायचा तो शब्द त्यांनी तिच्यासाठी वापरला होता, आणि वर्गातलं एकही पोर हसलं नाही. "एक शंका होती. ह्या डब्या जुन्या झाल्यावर पुढे काय येणार? आणि आपल्याला तोवर काय शिकून ठेवावं लागेल?"

तिने डोळे पुसले. सगळ्यांना दिसतील असे पुसले.

"काय येणार ते मला नक्की माहीत नाही, आगाय," ती म्हणाली. "काय शिकून ठेवायचं ते मात्र माहीत आहे. घ्या लिहून."

आगायने वही उघडली, वर तारीख घातली आणि खाली रेघ मारली.